गृहस्थाची अनासक्ती

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी अमानित्वापासून आरंभ केला आहे. त्यांतील बहुतेक लक्षणे वाचताना संसारी मनुष्य समाधानाने मान डोलावतो. दंभ नसावा, हिंसा नसावी, गुरूची सेवा घडावी, अंतर्बाह्य शुद्धी असावी, हे कोणास अमान्य आहे? परंतु मध्येच एक लक्षण असे येते की तेथे तो अडखळतो. पुत्र, पत्नी, घर इत्यादींच्या ठायी 'अनभिष्वंग' असावा, असे तेथे सांगितले आहे. ज्यांच्यासाठी पहाटे उठावयाचे, ज्यांच्यासाठी उन्हातान्हात राबावयाचे, त्यांच्याच ठायी मनाने अलिप्त राहावयाचे, हे कसे घडावे? आणि घडले तरी ते इष्ट आहे काय?

या प्रश्नातून सुटण्याच्या दोन वाटा आपण काढून ठेवल्या आहेत. पहिली वाट अशी की, हे लक्षण संन्याशांसाठी आहे, आपण संसारी माणसे, आपणांस ते लागू नाही, असे म्हणून पुढील श्लोकाकडे वळावयाचे. दुसरी वाट याहून घातक आहे. घरातील दुखण्याखुपण्याकडे पाठ फिरवावयाची, मुलांची चौकशी करावयाची नाही, आणि वर 'आम्ही आता अलिप्त झालो' असे म्हणावयाचे. पहिल्या वाटेने गीता पोथीत राहते. दुसऱ्या वाटेने ती आळसाची आणि कोरडेपणाची पाठराखीण होते. या दोहोंहून निराळी वाट आहे की नाही, याचा येथे विचार करावयाचा आहे.

माझा व्यवसाय भाषांतराचा. संस्कृत ग्रंथ मराठीत आणावयाचे, हे काम मी दिल्लीत राहून करीत असतो. 'अनभिष्वंग' या शब्दाला 'अनासक्ती' असा प्रतिशब्द देऊन पुढे जाणे सोपे आहे. परंतु त्याच श्लोकात त्याच्या अगोदर 'असक्ति' हा शब्द येऊन गेला आहे. एकच गोष्ट भगवान दोनदा का सांगतील? श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या दोहोंमधील भेद उलगडून दाखविला आहे. विषयांविषयीची ओढ ती सक्ती. अभिष्वंग हा तिचाच एक विशेष प्रकार आहे. दुसरा सुखी झाला की मीच सुखी झालो, तो दुःखी झाला की मीच दुःखी झालो, तो जगला तर मी जगलो आणि तो गेला तर मीच गेलो, अशी जी त्याच्याशी अभेदाची भावना, तिला आचार्य अभिष्वंग म्हणतात. म्हणजे येथे प्रेमाचा निषेध नाही. दुसऱ्या जीवाला आपल्या 'मी'चा एक भाग करून टाकणे, याचा निषेध आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी याच ठिकाणी बिऱ्हाडी उतरलेल्या वाटसरूचा आणि वाटेत लाभलेल्या झाडाच्या सावलीचा दृष्टान्त दिला आहे. वाटसरू सावलीचा द्वेष करीत नाही. तो तिच्याखाली बसतो, निवतो. मात्र ती आपल्या मालकीची आहे असे तो म्हणत नाही.

येथे एक दुसरी भ्रांतीही दूर केली पाहिजे. कुटुंबासाठी कष्ट करणारा प्रत्येक मनुष्य हा आपोआप कर्मयोगी होय, असे हल्ली व्याख्यानांतून पुष्कळदा ऐकू येते. ऐकावयास ते गोड वाटते. परंतु ते खरे नाही. वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक आहे. वाल्याही कुटुंबासाठीच राबत होता. रानात तासन् तास दबा धरून बसणे हे काही आळशाचे काम नव्हे. परंतु या पापाचे वाटेकरी व्हाल काय, असे त्याने घरी विचारले तेव्हा बायकोने आणि मुलांनी नकार दिला, आणि त्याच नकाराने त्याचे डोळे उघडले. तात्पर्य, कष्ट ही एकटी कसोटी नव्हे. कष्ट कोणत्या साधनाने केले, 'माझे' या शब्दाचे कुंपण कोठवर घातले, आणि केलेल्या कष्टांचे देणे कोणाकडून मागितले, हे पाहावे लागते.

गीतेचा आरंभच मुळी एका कुटुंबवत्सल वृद्धाच्या प्रश्नाने झाला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. धृतराष्ट्र आपल्या मुलांना 'माझे' म्हणतो आणि पांडवांना वेगळे काढतो. पांडव हे त्याच्या भावाचे पुत्र. ते पोरके होऊन त्याच्याच आश्रयाला आले होते. त्या एका शब्दात अभिष्वंगाचे सगळे स्वरूप आले. धृतराष्ट्राचे पुत्रप्रेम उणे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते प्रेम शंभरांवर येऊन थांबले, आणि त्या शंभरांनाही ते वाचवू शकले नाही.

आता ज्या एका गृहस्थाच्या आयुष्यावरून हा प्रश्न मला प्रथम जाणवला, त्यांच्याविषयी लिहितो. ते माझे आजोबा. घरात सर्व त्यांना नाना म्हणत. १९१० साली रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि २००३ साली दिल्लीत, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. मुंबईतील एका छापखान्यात ते खिळे जुळविण्याचे काम शिकले. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली होती, आणि १९३१ च्या फेब्रुवारीत नव्या दिल्लीचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. राजधानीबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर कारकून आले, आणि त्यांच्यामागोमाग शिक्षक, पुरोहित, छापखान्यांतील कामगार अशी मराठी माणसे उत्तरेकडे आली. पहाडगंजात मराठी मुलांची शाळा उभी राहिली, बृहन्महाराष्ट्र भवन उभे राहिले. हिंदी छपाईचे काम दिल्लीत वाढत होते, आणि देवनागरी खिळ्यांवर बसलेला मुंबईचा हात तेथे उपयोगी पडत होता. नाना त्याच सुमारास आले आणि पहाडगंजातील एका गल्लीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड करून राहिले.

आज हा व्यवसाय लोपला आहे, म्हणून त्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. देवनागरीत जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या असल्यामुळे जुळाऱ्यापुढे शेकडो लहान खणांची पेटी असे. हस्तलिखितावर दृष्टी ठेवून, पेटीकडे न पाहता, हाताच्या सवयीने एकेक खिळा उचलून तो ओळीत बसवावयाचा. खिळ्यावरील अक्षर उलटे असल्यामुळे ओळही उलटी वाचावी लागे. पान छापून झाले की तीच ओळ मोडून प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकावयाचा. दुसऱ्या दिवशी नव्या मजकुरासाठी तो तयार. पुस्तकावर ग्रंथकाराचे नाव येई, प्रकाशकाचे येई. जुळाऱ्याची आठवण वाचकास केवळ मुद्रणदोष दिसला म्हणजे होई. असे काम नानांनी सुमारे चाळीस वर्षे केले. त्या वेतनात दोन मुलगे व एक मुलगी यांचा, तसेच धाकट्या भावाच्या पश्चात त्याच्या तीन मुलांचा सांभाळ केला, आणि गावी दरमहा मनिऑर्डर पाठविली. सेवानिवृत्तीनंतर ऐंशीव्या वर्षापर्यंत ते घरी मुद्रिते तपाशीत असत.

नानांची श्रद्धा आडवळणाची नव्हती. पहाटे स्नान करून ते गीतेचा एक अध्याय म्हणत. अठरा दिवसांत अठरा पुरे झाले की पुन्हा पहिला. संस्कृत व्याकरण ते शिकले नव्हते, तरी खिळे जुळवून जुळवून कोठे ऱ्हस्व, कोठे दीर्घ, हे त्यांच्या बोटांना ठाऊक झाले होते. लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'ची एक प्रत त्यांच्या संग्रही होती. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ त्यांनी अनेकदा वाचला होता. परंतु गीतेवर त्यांना कधी बोलताना मी ऐकले नाही.

१९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेचे पात्र सरकले होते, आणि नजफगढ नाल्याचे घाण पाणी मागे फिरून वझिराबाद येथे शहरासाठी पाणी उचलण्याच्या ठिकाणी पोचले. त्या थोड्या आठवड्यांत सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली. तिचे कारण असलेला विषाणू निराळा होता, हे वैद्यकशास्त्राला पुढे पंचवीस-तीस वर्षांनी उमगले. त्यालाच आज हेपटायटिस-ई म्हणतात. या रोगाचे एक क्रूर वैशिष्ट्य असे की, गर्भवती स्त्रियांस तो विशेष घातक होतो.

नानांची मुलगी, माझी आत्या, त्या वेळी वीस वर्षांची होती. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. जानेवारीत तिला कावीळ झाली आणि आठ-दहा दिवसांत ती गेली. मूलही वाचले नाही.

विवाहित कन्या माहेरी मृत झाली असता मातापित्यांस तीन दिवसांचे अशौच सांगितले आहे. नानांनी ते पाळले आणि चौथ्या दिवशी सकाळी अध्याय म्हणून, डबा घेऊन ते छापखान्यात गेले. त्यांच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिले नाही. माझ्या आजीने ही गोष्ट आयुष्यभर विसरली नाही. ती शांत स्वभावाची होती, परंतु हा विषय निघाला म्हणजे म्हणे, "शास्त्राने तीन दिवस सांगितले म्हणून आई काय तीन दिवसांचीच असते? यांच्या गीतेने यांना दगड केले."

पाठशाळेत असताना आजीचे हे वाक्य माझ्या मनात पुष्कळ वेळा येई. दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे समोर ठेवून, आजोबा स्थितप्रज्ञ होते आणि आजीला ते कळले नाही, असे उत्तर देता आले असते. परंतु ते उत्तर मला कधीच पटले नाही. न रडणे हे स्थितप्रज्ञाचे लक्षण म्हणून गीतेने कोठेही सांगितलेले नाही. दुःखात मन उद्विग्न होत नाही, असे सांगितले आहे. आणि उद्वेग व अश्रू या भिन्न वस्तू आहेत. ज्यांच्या महाभारतात ही गीता आहे त्या भगवान व्यासांचेच उदाहरण घ्या. त्यांचा पुत्र शुक सर्व पाश तोडून मोक्षमार्गाने निघाला, तेव्हा महर्षी 'पुत्रा, पुत्रा' म्हणत त्याच्या मागे धावले, अशी कथा शांतिपर्वात आहे. कौरव आणि पांडव यांचे खरे आजोबाही व्यासच. नातवांनी नातवांना मारले, हे त्यांनी याच डोळ्यांनी पाहिले आणि मग ते सर्व सांगितले. व्यासांनी शोक केला म्हणून त्यांच्या ज्ञानास उणेपणा आला, असे कोणता पंडित म्हणेल? शोक होणे हा दोष नव्हे. शोकाने कर्तव्याची दृष्टी झाकली जाणे, हा दोष. अर्जुनाची व्यथा हीच होती. म्हणून डोळ्यांत पाणी नव्हते एवढ्यावरून नानांना थोर ठरविता येत नाही, आणि त्यावरून दगडही ठरविता येत नाही. पाहावयाचे ते हे की, त्या दुःखाचे पुढे त्यांनी केले काय?

त्याचे उत्तर आम्हांस सत्तेचाळीस वर्षांनी मिळाले. नाना गेल्यावर समाचारास जी माणसे आली, त्यांत पहाडगंजातील एक वृद्ध पंजाबी बाई होत्या. फाळणीत मुलतानहून आलेले त्यांचे कुटुंब आमच्या समोरच्या खोल्यांत राहत असे. त्यांनी आजीचे हात हातात घेतले आणि सांगितले की, तुमची मुलगी गेली त्या हिवाळ्यात मी पाच महिन्यांची गर्भवती होते. तुमचे बाबूजी रोज पहाटे, कामावर जाण्यापूर्वी, उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी माझ्या दारात ठेवीत. गल्लीच्या टोकाशी आणखी एक अवघडलेली सून होती, तिच्याही दारात ठेवीत. ओसरीवर येऊन कडी वाजवावयाची, कळशी ठेवावयाची आणि निघून जावयाचे. वैशाखात मला मुलगा झाला, तोवर हे चालले होते.

नाना रात्री पाणी उकळतात, हे आम्हांस ठाऊक होते. साथ ओसरली तरी त्यांनी तो नेम सोडला नव्हता. प्रथम कोळशाच्या शेगडीवर, पुढे रॉकेलच्या स्टोव्हवर, नंतर गॅसवर, सर्वांची जेवणे आटोपल्यावर पितळी पातेले चढे. एक माठ घरात आणि एक दाराबाहेर, लाकडी झाकण आणि ओगराळे ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. पुढे यमुनेपलीकडे राहावयास गेल्यावरही दुसरा माठ दाराबाहेर होताच. लहानपणी मी एकदा कारण विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "न उकळलेले पाणी कोणास देऊ नये." त्या पाण्याचा आरंभ कोठे झाला, हे मात्र समोरच्या बाई बोलेपर्यंत घरात कोणासही ठाऊक नव्हते.

अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याची जी विशेषणे आहेत त्यांत 'अनहंवादी' असा एक शब्द आहे. भाषांतर करताना बहुतेक लोक 'निरहंकारी' असे लिहितात. परंतु शब्दात 'वाद' आहे, म्हणजे बोलणे आहे. अंतःकरणातील अहंकार गेला की नाही, हे दुसऱ्याने कसे ओळखावे? 'मी केले' असे जो बोलत नाही, तो अनहंवादी. मला वाटते, गृहस्थाश्रमात अनासक्तीची हीच पहिली आणि सर्वांना दिसणारी खूण आहे. बहुतेक घरांत कष्टांपेक्षा कष्टांच्या उच्चाराने अधिक कलह होतात. 'तुमच्यासाठी मी काय काय केले' हे वाक्य ज्या क्षणी वडीलधाऱ्याच्या तोंडून निघते, त्या क्षणी त्याने आपल्या कष्टांचे फळ मागितलेले असते. माझे काका १९७४ साली नोकरीसाठी दूर निघून गेले आणि पुढे फारसे आले नाहीत. नानांनी त्यांना आठवणीने पत्रे लिहिली, परंतु एकाही पत्रात उलाहना दिला नाही. साठी झाल्यावर त्यांनी घरखर्चाची वही सुनेच्या हाती दिली, आणि पैसा कोठे गेला हे पुन्हा विचारले नाही. छापून झालेली ओळ मोडून खिळे आपापल्या खणात टाकावेत, तसे हे होते.

दुसरी खूण 'माझे' या शब्दाच्या कुंपणाची. आचार्यांनी सांगितलेला अभिष्वंग सुटला की प्रेम आटते, अशी आपली भीती असते. प्रत्यक्षात उलट घडू शकते. मुलगी माझ्या 'मी'चा तुकडा होती, असे मानणाऱ्याला ती गेल्यावर स्वतःच्या जखमेपलीकडे काही दिसत नाही. ती एक जीव होती आणि तशीच धोक्यात सापडलेली दुसरी मुलगी समोरच्या दाराआड आहे, हे ज्याला दिसते, त्याचे वात्सल्य गोत्राची, भाषेची आणि प्रांताची सीमा ओलांडते. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीस सांगतात की, पुत्र प्रिय वाटतात ते पुत्रांसाठी नव्हे, तर आत्म्यासाठी. या वचनाचा स्वार्थपर अर्थ काही जण करतात. परंतु आत्मा जर सर्वांत एकच, तर एका लेकरावरील प्रेम हे सर्व लेकरांपर्यंत पोचण्याचे दार ठरते. धृतराष्ट्राला हे दार सापडले नाही.

एवढे लिहून हा लेख थांबविता आला असता. परंतु तो अपुरा राहिला असता. त्या दिवशी समोरच्या बाई निघून गेल्यावर आजी पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग ती म्हणाली, "मला का नाही सांगितले? मीही एक कळशी नेली असती."

या वाक्यापुढे नानांची बाजू घेण्यास मी असमर्थ आहे. 'मी केले' असे न बोलणे हा गुण. परंतु 'मलाही दुःख झाले आहे' हेही न बोलणे, हा त्याच गुणाचा अतिरेक होय. नानांनी आपल्या शोकाला वाट दिली, ती उत्तम होती. परंतु त्या वाटेवर आपल्या सहधर्मचारिणीस त्यांनी बरोबर घेतले नाही. एकाच लेकीसाठी दोन माणसे एका छताखाली सत्तेचाळीस वर्षे निरनिराळी झुरली. अनभिष्वंग म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात वाहून न जाणे, हे खरे; दुसऱ्याचे दुःख एकट्याने वाहू देणे, हा त्याचा अर्थ खचित नव्हे. स्वतः भगवंतांनी सारथ्य करताना अर्जुनाला गप्प राहून शिकविले नाही. त्याचा विलाप पुरा ऐकून घेतला आणि मग सातशे श्लोकांचा संवाद झाला. गीता हा संवाद आहे, ही गोष्ट तिचा रोज पाठ करणाऱ्यांनीही विसरता कामा नये.

वनपर्वातील धर्मव्याधाची कथा या संदर्भात मननीय आहे. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा तो व्याध. त्याच्याकडे कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म समजून घेण्यास जातो. व्याध त्याला घरात नेऊन आपले वृद्ध आईबाप दाखवितो आणि हेच माझे प्रत्यक्ष दैवत असे सांगतो. मग तो कौशिकाला त्याने न विचारता मागे टाकलेल्या आंधळ्या मातापित्यांकडे परत जाण्यास सांगतो. कौशिकाचे तप खोटे नव्हते; परंतु त्या तपाच्या मागे घरात कोणी रडत होते. आपल्या साधनेच्या मागे घरात कोण रडते आहे, हे पाहणे हाही साधनेचाच भाग आहे.

म्हणून गृहस्थाने आपली परीक्षा तीन प्रश्नांनी करावी, असे मला वाटते. मी जे कष्ट करतो त्यांचे साधन शुद्ध आहे काय? माझ्या 'माझे' या शब्दात माझ्या दारासमोरच्या माणसाला जागा आहे काय? आणि केलेल्याचा उच्चार न करता, दुःखाचा मात्र उच्चार आपल्या माणसांजवळ मी करू शकतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नानांनी आपल्या आयुष्याने दिली. तिसऱ्याचे अर्धे उत्तर त्यांनी दिले आणि उरलेले अर्धे आजीने. वडिलांचे ऋण फेडावयाचे ते त्यांचे दोष झाकून नव्हे आणि त्यांचे गुण गाऊनही नव्हे. त्यांच्याकडून जे राहून गेले ते आपल्या घरात पुरे करून.